गर्भपातानंतरचे दुःख : कुटुंबाचे आणि गावाचे कर्तव्य

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासमोर एका सेवानिवृत्त महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण मला बोलावले तेव्हा विषय कोणता घ्यावा हे माझ्यावरच सोपविले होते. लसीकरण, कुपोषण, पाणी शुद्धीकरण यांवर आपण पुष्कळ ऐकले असेल, आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु आज मी अशा गोष्टीविषयी बोलणार आहे, जी प्रत्येक गावात दर वर्षी घडते, प्रत्येक घराला ठाऊक असते आणि तरीही जिच्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही. दिवस गेलेल्या स्त्रीचा गर्भ पूर्ण दिवस भरण्यापूर्वीच गळून पडतो, आणि त्यानंतर त्या स्त्रीच्या मनाचे काय होते, हा माझा विषय आहे.

गरोदर स्त्रियांची नोंदवही आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तीत नाव, पतीचे नाव, शेवटच्या पाळीची तारीख, रक्तातील लोहाचे प्रमाण, धनुर्वाताचे इंजेक्शन असे रकाने असतात. मूल जन्मले की पुढचे रकाने भरले जातात. गर्भपात झाला की त्या एका शब्दाची नोंद होते आणि उरलेल्या रकान्यांवर आडवी रेघ ओढली जाते. माझ्या सेवेच्या काळात अशा किती रेघा मी स्वतःच्या हाताने ओढल्या, ते आज सांगता येणार नाही. रेघ ओढल्यावर नोंदवहीचे काम संपते. घरातील दुःखाची मात्र ती सुरुवात असते.

किती घरांतील ही गोष्ट आहे?

हे दुर्मीळ संकट आहे असा आपला समज असतो. तो खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, ज्या स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे कळलेले असते, अशा शंभर गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा गर्भधारणा गर्भपाताने संपतात. हा हिशेब आपल्या गावाला लावून पाहा. एखाद्या गावात वर्षाला चाळीस स्त्रियांना दिवस जात असतील, तर त्यांतील चार ते सहा घरांत हे दुःख येते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतील गाव असो, शिंदखेड्याचे कोरडवाहू गाव असो की चोपडा, शिरपूर, साक्री तालुक्यांतील आदिवासी पाडा असो, हे टळत नाही. आज या सभागृहात बसलेल्या बंधुभगिनींपैकीही अनेकांच्या घरात हे घडलेले असेल.

माझ्या घरात ते घडले आहे. ते प्रथम सांगते, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला अधिकार पोहोचेल.

१९८४ च्या श्रावणात मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होते. मला पाचवा महिना चालू होता. एका रात्री कळा सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत सारे संपले. मी डॉक्टर होते. काय घडत आहे ते मला पायरीपायरीने कळत होते, आणि त्या ज्ञानाचा मला त्या रात्री काडीचाही आधार वाटला नाही. आठव्या दिवशी मी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. रजा कोणी नाकारली नव्हती. मीच ती मागितली नाही. रजेच्या अर्जावर ‘गर्भपात’ हा शब्द लिहिण्याची मला लाज वाटली. मी ‘किरकोळ आजार’ असे लिहिले आणि सात दिवसांची रजा घेतली.

तिसऱ्या दिवशी मला दूध आले. पाचव्या महिन्यात गर्भ गेला तरी असे होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु ते माझ्याच बाबतीत घडेल असे मनात आले नव्हते. गावातील एक वृद्ध सुईण रोज संध्याकाळी येऊन माझ्यापाशी बसत असे. ती फारसे बोलत नसे. त्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा पाहिले, गार पाण्यात फडके भिजवून आणले आणि माझ्या छातीवर ठेवले. ‘देव देईल’, ‘पुढच्या वर्षी होईल’ असे ती काही म्हणाली नाही. पुढे तीस वर्षे मी स्त्रियांना जे सांगत आले, त्यातील बरेचसे त्या निरक्षर बाईने मला न बोलता शिकविले होते.

‘माझ्या हातून काय चुकले?’

गर्भपातानंतर स्त्रीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच. मी हंडा उचलला म्हणून झाले का? बसमधून माहेरी गेले, खड्ड्यांत धक्के बसले, म्हणून का? पपई खाल्ली, रागावले, उपास केला, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून का? आणि तिने स्वतःला विचारण्यापूर्वीच घरातील कोणीतरी ते तिला विचारलेले असते.

याचे उत्तर शास्त्राने स्पष्ट दिलेले आहे आणि ते आपण गावोगाव पोहोचविले पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भपातांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. बीजांड आणि शुक्राणू यांचा संयोग होताना, किंवा त्यानंतर पेशींची विभागणी होताना गुणसूत्रांची संख्या चुकते, आणि असा गर्भ पुढे वाढू शकत नाही. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, कोणाच्या नजरेचाही नाही. घरातील नेहमीचे काम, एखादा साधा धक्का, रडणे किंवा भांडणे यांनी निरोगी गर्भ पडत नाही.

काही कारणे मात्र शोधण्याजोगी व उपचार करण्याजोगी असतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉईडचे विकार, उच्च रक्तदाब, हिवताप, गर्भाशयाच्या रचनेतील दोष ही त्यांतील काही होत. आपल्या भागात भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यामुळेही गरोदरपणातील धोका वाढतो. तंबाखू व मशेरी यांचाही गर्भावर दुष्परिणाम होतो. दोन किंवा अधिक वेळा गर्भपात झाला असेल, तर तपासणी अवश्य करून घ्यावी, आणि ती पती व पत्नी दोघांची व्हावी. परंतु ही माहिती पुढच्या वेळी काळजी घेण्यासाठी आहे. झालेल्या गोष्टीचा आरोप स्त्रीवर ठेवण्यासाठी नाही.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगते. ‘गर्भ पडला’ आणि ‘गर्भ पाडला’ यांत केवळ एका कान्याचे अंतर आहे. कागदावर तर दोहोंसाठी ‘गर्भपात’ हा एकच शब्द लिहिला जातो. त्यामुळे आधीच दुःखात असलेल्या स्त्रीकडे कधी कधी संशयाने पाहिले जाते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८४२ होती. गर्भलिंग निदानास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्याची कठोर अंमलबजावणी झालीच पाहिजे. परंतु जेथे मुलग्याची ओढ एवढी तीव्र आहे, तेथे ज्या स्त्रीचा गर्भ आपोआप गेला तिला ‘मुलगा होता की मुलगी?’ असे विचारले जाते, आणि उत्तरावरून दुःखाचे मोल ठरविले जाते. हा प्रश्न विचारू नये, एवढे तरी आपण गावाला शिकवू शकतो.

दुःख कसे दिसते?

शरीर काही आठवड्यांत सावरते. मनाला तेवढा वेळ पुरत नाही. झोप लागत नाही किंवा पहाटे जाग येते, जेवणावरची वासना उडते, छातीत धडधडते, दुसऱ्याचे तान्हे मूल पाहवत नाही आणि मग त्या भावनेचीच लाज वाटते. ज्या तारखेला बाळंतपण व्हायचे होते ती तारीख जवळ आली की बरे झालेले मन पुन्हा ढवळून निघते. काही स्त्रिया रडतात, तर काही त्याच दिवशी भाकऱ्या थापायला बसतात. जी रडत नाही तिला दुःख नाही असे समजू नये.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील तीन रुग्णालयांच्या एका अभ्यासाची येथे नोंद घेण्यासारखी आहे. लवकरच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या स्त्रियांची त्यात पाहणी करण्यात आली. एका महिन्यानंतर त्यांतील २९ टक्के स्त्रियांत भीषण आघातानंतर दिसतात तशी लक्षणे आढळली, म्हणजे तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, भीतीदायक स्वप्ने पडणे, त्या आठवणीच्या जागा टाळणे. २४ टक्के स्त्रियांना मध्यम किंवा तीव्र स्वरूपाची चिंता होती. नऊ महिन्यांनंतरही हे प्रमाण अनुक्रमे १८ आणि १७ टक्के होते. ते शहर वेगळे, तेथील घरे वेगळी. परंतु ‘चार दिवसांत विसरेल’ या आपल्या समजुतीला हे आकडे उत्तर देतात.

पतीच्या दुःखाचाही विचार केला पाहिजे. दवाखान्याचे पैसे भरणे, गाडी पाहणे, नातेवाइकांना कळविणे ही कामे त्याच्याकडे येतात आणि ‘तिला धीर दे’ असे प्रत्येक जण त्याला सांगतो. त्याला धीर कोणी द्यावा, हे कोणी सांगत नाही. माझे पती शिक्षक होते. त्या श्रावणात ते शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत परसातील लिंबाखाली बसत. त्यांना काही वाटत नाही असे समजून मी त्यांच्यावर कित्येक महिने मनातून रागावले होते. ते तेथे बसून रडत असत, हे मला अकरा वर्षांनी कळले. ते वेळीच कळले असते, तर आम्ही दोघे एकाच झाडाखाली बसलो असतो.

सासूचेही तसेच. कठोर बोलणाऱ्या अनेक सासवांनी त्यांच्या तरुणपणी हेच सोसलेले असते, आणि त्यांना त्या वेळी कोणी विचारलेले नसते. मी अशा घरात गेले की प्रथम सासूबाईंना विचारीत असे, ‘माय, तुमचे कधी असे झाले होते का?’ पुष्कळदा त्यानंतर सुनेला विश्रांती मिळवून देण्यासाठी मला वेगळे काही सांगावे लागत नसे.

पूर्वीच्या रीती आणि आजची पोकळी

या दुःखाची दखल आपल्या परंपरेने घेतलीच नव्हती, असे नाही. जुन्या शास्त्रग्रंथांत चौथ्या महिन्यापर्यंत ‘गर्भस्राव’ आणि पाचव्या-सहाव्या महिन्यांत ‘गर्भपात’ असा भेद केलेला आहे; आणि गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या दिवसांचे अशौच मनुस्मृतीने सांगितले आहे. आज आपण शुद्धाशुद्धतेच्या त्या कल्पना मानीत नाही, आणि मानूही नयेत. परंतु घडलेली गोष्ट मोजण्याजोगी आहे, एवढे त्यात मान्य केलेले होते. जपानमध्ये जन्माला न आलेल्या मुलांसाठी जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान मूर्तीपुढे प्रार्थना करण्याची चाल आहे. काहीतरी करण्याची जागा मिळाली की दुःखाला वाट मिळते.

आपल्या खानदेशात ती जागा जात्यापाशी होती. पहाटे दोघी जणी जात्यावर बसत आणि दिवसा जे बोलता येत नसे ते ओवीतून बोलत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तरुणपणीच विधवा झाल्या. घरातील आणि शेतातील कामे करीत त्यांनी गाणी रचली आणि १९५१ साली त्यांच्या निधनानंतर ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही शब्दांचा आधार कसा असतो, याची साक्ष आपल्याच जिल्ह्याने दिली आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, बाईच्या हातावरचे घट्टे गेले, हे चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ती बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी जागा आपण तयार केली नाही.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, आईपाशी मन मोकळे करतात. ज्या वर्षी लेकीचा गर्भ गेला असेल त्या वर्षी तिला आवर्जून आणावे, आणि चार दिवस अधिक ठेवून घ्यावे. कानबाईच्या उत्सवात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात अशा स्त्रीला बाजूला बसविण्याची चाल काही घरांत आहे. ती बंद झाली पाहिजे. तिला बोलवावे, यावे की न यावे हे तिला ठरवू द्यावे, आणि आली तर तिच्या हातून ओटी भरून घ्यावी.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण आपण नेहमी देतो. त्यांचे पहिले मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांच्या मनात वैद्यकीय शिक्षणाचा संकल्प रुजला आणि १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. हे उदाहरण थोर आहे. परंतु प्रत्येक स्त्रीने दुःखातून काही थोर घडविलेच पाहिजे, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. पुष्कळ स्त्रियांना पुन्हा नीट झोप लागणे, पुन्हा विहिरीवर चार बायकांत हसता येणे, एवढेच साधायचे असते. तेही थोडे नाही.

काय करावे, काय बोलावे

प्रथम शरीराविषयी. एका तासात घडी भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटात असह्य वेदना किंवा भोवळ यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्तगट ‘निगेटिव्ह’ असेल तर इंजेक्शनची गरज आहे काय, हे त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे. रक्त कमी झाल्याने थकवा व उदासी वाढते; म्हणून लोहाच्या गोळ्या आणि सकस आहार चालू ठेवावा. दूध आल्यास ते पिळून काढू नये. नीट बसणारी चोळी घालावी, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. काही दिवसांत ते आपोआप थांबते. पुन्हा दिवस केव्हा जावेत हे डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि दोघांचे मन तयार झाल्यावर ठरवावे. घरच्यांनी त्यासाठी घाई करू नये.

आता बोलण्याविषयी. ‘लवकर झाले ते बरे झाले’, ‘अजून वय आहे’, ‘एक मूल आहे ना’, ‘आमच्या वेळी असे कितीदा झाले’ ही वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात, पण ऐकणारीला ती टोचतात. त्याऐवजी ‘ऐकून फार वाईट वाटले’ एवढे म्हणावे. ‘जेवलीस का?’ असे विचारावे. ‘दोन दिवस पाणी मी भरते’, ‘धाकट्याला मी शाळेत सोडते’ असे म्हणून ते करावे. ती बोलली तर ऐकावे; गप्प राहिली तर जवळ बसावे.

पुढच्या गरोदरपणात भीती परत येते. प्रत्येक कळ, प्रत्येक डाग तिला मागील दिवसाची आठवण देतो. ‘काही होत नाही’ असे म्हणून तिला गप्प करू नये. एकदा गर्भपात झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे पुढील बाळंतपण सुखरूप होते, हे तिला सांगावे; तपासणीच्या तारखा लवकरच्या ठेवाव्यात आणि कोणीतरी बरोबर जावे. मला स्वतःला पुढे एक मुलगी झाली. ते नऊ महिने मी रोज सकाळी पाय खाली ठेवण्यापूर्वी घाबरत होते. डॉक्टर असूनही!

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व जेवण सुटले असेल, घरातील कामात किंवा मुलांत मन लागत नसेल, तो प्रसंग सतत डोळ्यांपुढे येत असेल, तर तो आजार समजून उपचार करावेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये. तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत मिळवावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस उपलब्ध असते. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मी सेवेत आले तेव्हा यातले काहीच नव्हते.

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडून अपेक्षा

गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा हा नोकरदार स्त्रीचा हक्क १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने मान्य केला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. शासकीय सेवेच्या रजा नियमांतही गर्भपातानंतरच्या रजेची सोय असून त्यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. न्यूझीलंडने २०२१ साली गर्भपातानंतर तीन दिवसांच्या दुखवट्याच्या रजेचा कायदा केला, तेव्हा जगभर त्याची वाखाणणी झाली. आपल्या देशात सहा आठवड्यांची तरतूद त्यापूर्वी साठ वर्षे होती. न्यूझीलंडने ती रजा पतीलाही दिली, ही गोष्ट मात्र आपण त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

परंतु मागता येत नाही असा हक्क काय कामाचा? माझ्या सेवेतील एक चूक आज कबूल करते. एक तरुण शिक्षिका गर्भपातानंतर माझ्याकडे आली. ‘डॉक्टर, दाखल्यावर ताप लिहा, शाळेत सगळे पुरुष आहेत’, असे ती म्हणाली. मी तिची अडचण ओळखली आणि ताप लिहिला. तिला आठ दिवस मिळाले. नवव्या दिवशी ती वर्गात उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. खरा शब्द लिहिला असता, तर तिला हक्काची रजा मिळाली असती. माझ्या स्वतःच्या अर्जावर जी लाज मी लिहिली होती, तीच मी तिच्या दाखल्यावर पुन्हा लिहिली. म्हणून कार्यालयप्रमुख आणि मुख्याध्यापक यांना माझी विनंती आहे की, ही रजा आहे हे आपण होऊन सांगावे, अर्ज बंद पाकिटात घ्यावा, त्याची चर्चा होऊ देऊ नये, आणि ती कामावर परतल्यावर पहिले काही दिवस तिच्यावर जादा काम टाकू नये.

शेतात मजुरीला जाणाऱ्या स्त्रीला रजा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. अशा घरासाठी पंचायतीने आणि बचत गटांनी पुढे आले पाहिजे. पंधरा दिवसांचे धान्य, किंवा गटाच्या हप्त्यात एका महिन्याची सवलत, एवढे कोणत्याही गावाला अवघड नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा लाभ घेतलेल्या स्त्रीचा गर्भपात झाला, तर पुढील गरोदरपणात तिला पुन्हा लाभ मागता येतो. ही माहिती तिला अंगणवाडी सेविकेने द्यावी.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. बाळ जन्मले की आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ठरलेल्या असतात, कारण त्या नवजात बाळासाठी आहेत. बाळ नसेल तर त्या भेटीही सुरू होत नाहीत. ज्या घरी जाण्याची गरज अधिक, तेथेच कोणी जात नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आपल्या सभेत असा ठराव करावा की, गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या घरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे. पहिल्या भेटीत रक्तस्राव व ताप पाहावा, पुढच्या भेटींत झोप, जेवण आणि मन यांची विचारपूस करावी, आणि तिच्या संमतीशिवाय त्यातील एक शब्दही बाहेर जाऊ देऊ नये. चार भेटींना खर्च फारसा नाही. नोंदवहीत रेघेऐवजी चार तारखा येतील, एवढाच फरक पडेल.

माझ्या घरी ती सुईण आली ती कोणत्याही योजनेखाली आली नव्हती. गावातील एका बाईवर प्रसंग आला आहे, एवढेच तिला ठाऊक होते. तिच्यासारखी माणसे प्रत्येक गावात आजही आहेत. त्यांना हाक मारणे आणि त्यांच्या येण्याला गावाची रीत करणे, हे आपल्या हाती आहे. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय आपण घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.